कार्डावर ‘जनरल पोस्ट ऑफिस, बॉम्बे’ असं छापलंय, मग घुमट कुठे गेला?

गुलबक्षी
नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात आत्याचं गिरगावातलं बिऱ्हाड हलवलं. माळ्यावरच्या लोखंडी ट्रंकेत जुनी पंचांगं आणि लग्नपत्रिका होत्या, आणि त्यांच्या तळाशी फडक्यात बांधलेली १४ चित्रकार्डं मिळाली. १३ कोरी आहेत, एकच टपालातून गेलेलं आहे. प्रश्न त्या एकाबद्दल आहे.

चित्र रंगीत आहे. तीन मजली दगडी इमारत, कमानीच कमानी, समोर चांगला रुंद रस्ता. रस्त्यावर एक घोड्याची ट्राम आणि पागोटं घातलेले दोन पुरुष. उजव्या कडेला निमुळत्या कळसाचं काहीतरी पांढरं आहे, पण अर्धंच आलंय. चित्राखाली इंग्रजीत ‘जनरल पोस्ट ऑफिस, बॉम्बे’ असं छापलंय.

मी लहानपणापासून जीपीओ म्हणजे सीएसएमटीशेजारची ती घुमटाची इमारत हेच पाहत आलेय. या चित्रात घुमट नाहीच. शेजारी स्टेशनही दिसत नाही.

चित्राखालच्या पांढऱ्या पट्टीत बारीक अक्षरांत मजकूर आहे. तो पट्टीत मावला नाही म्हणून डावीकडच्या कडेने वर चढवलाय. मला एक अक्षर लागत नाही, बहुधा मोडी असावी. मागच्या बाजूला फक्त पत्ता, तिकीट आणि शिक्का. दुसऱ्या मजल्याच्या एका खिडकीवर शाईचा डागही पडलाय, त्याचं वाईट वाटतं.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. ही इमारत कुठली, कार्ड किती जुनं, आणि ते सांभाळायचं कसं?

कोकणकडा
छापणाऱ्याचा घोटाळा असेल. जुन्या कार्डांवर नावं चुकलेली पुष्कळदा पाहिलीत. मला हे हायकोर्ट वाटतंय.

चुनखडी
हायकोर्ट नाही. त्याची लांबी ५६२ फूट, मधला मनोरा १७५ फूट, आणि त्याच्या शिखरांवर न्याय आणि दया यांचे पुतळे. ते कोणत्याही बाजूने टिपलं तरी मनोरा चित्रात आल्याशिवाय राहत नाही.

गुलबक्षीताई, कार्डावरचं नाव बरोबर आहे. हेच त्या काळचं जनरल पोस्ट ऑफिस. आज आपण ज्याला तार ऑफिस किंवा सीटीओ म्हणतो, हुतात्मा चौकाजवळचं, ती ही इमारत. १८६९ ते १८७२ या काळात खास टपालासाठी बांधली. आराखडा ट्रबशॉ आणि पॅरिस या दोघांचा. लांबी २४२ फूट, मजले तीन. तुम्ही वर्णन केलंय तशीच.

त्या वर्षांत किल्ल्याचा तट नुकताच पडला होता आणि मोकळ्या झालेल्या पट्ट्यावर सरकारी इमारतींची रांगच उभी राहत होती. सचिवालय, विद्यापीठ, हायकोर्ट, बांधकाम खात्याची कचेरी, तारेची कचेरी, पोस्ट. दहा-बारा वर्षांत एवढं सगळं. कुर्ल्याच्या खाणीतला दगड गाड्या भरभरून येत असे.

घुमटाचं जीपीओ फार नंतरचं. काम सुरू झालं १ सप्टेंबर १९०४ ला आणि पुरं झालं ३१ मार्च १९१३ ला. आराखडा जॉन बेगचा. विजापूरच्या गोल घुमटावरून त्याने तो घेतला. काळा दगड कुर्ल्याचा, पिवळा मालाडचा, पांढरा ध्रांगध्र्याचा. तेव्हाच्या हिशेबाने खर्च १८ लाख ९ हजार रुपये. टपाल तिकडे गेलं आणि शेजारच्या तारखात्याने ही जुनी वास्तू घेतली.

म्हणजे तुमच्या कार्डावर घुमट नाही, कारण घुमट अजून व्हायचा होता.

गुलबक्षी
अहो, त्या इमारतीवरून मी अकरा वर्षं रोज ऑफिसला चालत गेलेय! ती कधी पोस्ट होती हे डोक्यातही आलं नाही. कार्ड हातात धरून बसलेय. कमानी त्याच आहेत, आता ओळखू येतात.

तारवाला
हा धागा वाचून राहवलं नाही. माझे वडील त्या इमारतीत ३१ वर्षं तारखात्यात होते. आम्ही भावंडं लहानपणी त्यांचा डबा द्यायला जायचो. जिना दगडी, पायऱ्यांच्या मधोमध खळगे पडलेले. बाबा म्हणायचे, हे खळगे आमच्या पायांचे नाहीत, आमच्या आधी पोस्टाची माणसं इथून चढायची. तेव्हा ते वाक्य मला कळलं नव्हतं. आज चुनखडी यांचा प्रतिसाद वाचताना कळलं.

१४ जुलै २०१३ ला, तार बंद व्हायच्या आदल्या दिवशी, बाबांना हट्टाने तिथे घेऊन गेलो होतो. खिडकीवर ही गर्दी! ज्यांनी जन्मात कधी तार केली नव्हती अशी पोरं रांगेत उभी होती. बाबांनी स्वतःच्याच पत्त्यावर तार केली. ती घरी जपून ठेवली आहे.

ताई, कार्डाचा फोटो टाका ना. बाबा आता ८९ वर्षांचे आहेत, नजर चांगली आहे. त्यांना दाखवतो.

रुळाखालची_खडी
साल काढायला ट्रामची मदत होईल. मुंबईत घोड्याची ट्राम ९ मे १८७४ ला सुरू झाली आणि विजेची ७ मे १९०७ ला. विजेच्या ट्रामला डोक्यावर तार लागते, तारेला खांब लागतात. चित्रात रस्त्यावर खांब आणि आडव्या तारा आहेत का, ते भिंगाने बघा. नसतील तर छायाचित्र १९०७ च्या आधीचं.

गुलबक्षी
आत्ताच भिंगाने पाहिलं. दिव्याचे खांब आहेत, आडवी तार एकही नाही. घोडे दोन आहेत, डाव्या घोड्याच्या डोक्यावर टोपीसारखं काहीतरी दिसतंय.

रुळाखालची_खडी
ती उन्हाची टोपी! ट्रामच्या घोड्यांना उन्हाळ्यात घालत. इतकं बारीक दिसतंय म्हणजे छपाई उत्तम आहे.

हंशील
मी टपाल-तिकिटांच्या नादी लागून आता पन्नास वर्षं होत आली. थोडं सविस्तर लिहितो, कारण नवीन मंडळी हमखास इथेच अडतात.

चित्रकार्डाची तीन वयं असतात. पहिलं, फोटो कधी काढला. दुसरं, कार्ड कधी छापलं. तिसरं, ते टपालात कधी पडलं. या तिन्हींमध्ये दहा-पंधरा वर्षांचं अंतर पडू शकतं. छापणारे फोटोची एकच काच, म्हणजे निगेटिव्ह, वर्षानुवर्षं वापरत. घोड्याची ट्राम असलेलं कार्ड विजेची ट्राम धावू लागल्यावरही दुकानात विकायला असे. त्यामुळे ट्रामवरून फक्त पहिलं वय कळलं. उरलेली दोन कार्डाच्या पाठीवर शोधायची.

पाठीकडे बघा. मधोमध उभी रेघ आहे का? डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता अशी? ब्रिटनने ही सोय १९०२ मध्ये दिली, मग एकेक देश तिला मान्यता देत गेला, आणि ऑक्टोबर १९०७ पासून आंतरराष्ट्रीय टपालात ती सगळीकडे चालू लागली. त्याआधी पाठ पूर्णपणे पत्त्यासाठी राखलेली असे. ‘या बाजूस फक्त पत्ता लिहावा’ असं इंग्रजीत छापलेलंही सापडेल. मग लिहायचं कुठे? चित्राच्या भोवती. तुमच्या कार्डावर मजकूर खालच्या पट्टीत आहे आणि कडेने वर गेलाय, त्यावरून पाठ जुन्या पद्धतीची असणार.

दुसरं, तिकीट. त्यावर कोणाचा चेहरा आहे आणि किंमत काय लिहिलीय?

गुलबक्षी
रेघ नाही. तुम्ही म्हणता तेच वाक्य वरच्या बाजूला छापलंय. तिकीट राखाडी, दाढीवाला राजा, किंमत ‘३ पाइज’. शिक्का गोल. त्यात बॉम्बे वाचता येतं, २१ आकडा, नंतर डी आणि ई, आणि शेवटी शून्याच्या पुढे एक आकडा आहे, तो ३ आहे की ८ हे कळत नाही. शाई फुटलीय तिथे.

पत्ता इंग्रजीत आहे, खाली पुन्हा मोडीत. राजापूर तालुक्यातलं गाव आहे. गावाचं नाव इथे देत नाही.

हंशील
फार छान. दाढीवाला राजा म्हणजे सातवा एडवर्ड. त्याची भारतातली तिकिटं १९०२ पासूनची. १२ पैंचा एक आणा, म्हणून ३ पै म्हणजे पाव आणा. देशातल्या देशात पोस्टकार्डाचा दर तेवढाच. १ जुलै १८७९ ला आपल्याकडे पोस्टकार्ड निघालं तेव्हाही पाव आणाच होता. विलायतेला धाडायचं तर एक आणा पडे.

डी-ई म्हणजे डिसेंबर. तारीख २१ डिसेंबर, आणि साल १९०३ किंवा १९०८. रेघ नसलेली पाठ आणि तारांशिवाय रस्ता, दोन्हींचा कल ०३ कडे आहे. पण आधी म्हटलं तसं, दुकानातलं जुनं कार्ड कोणी १९०८ मध्ये घेऊन टाकलं असंही होऊ शकतं. निकाल देत नाही.

नवखा_प्रवासी
मला यातलं काहीच कळत नाही, पण एक विचारतो. १९०३ मध्ये रंगीत फोटो कसा? तेव्हा तर फोटो काळे-पांढरे होते ना?

हंशील
फोटो काळा-पांढराच होता. रंग छापताना चढवला. मुंबईत काढलेला फोटो जर्मनीत जाई, तिथे दगडावर एकेका रंगाचा साचा करत आणि एकावर एक छापत. तेव्हा जगभरची चित्रकार्डं मोठ्या प्रमाणावर जर्मनीत छापून येत. पहिल्या महायुद्धात तो रस्ता बंद झाला. रंग चढवणाऱ्या कारागिराने मुंबई पाहिलेली नसे. म्हणून काळा दगड गुलाबी होतो, आभाळाचा रंग भलताच येतो. रंगावर विसंबून इमारतीचा दगड ठरवू नये.

भिंगाखाली धरलं की छपाईची जात कळते. रांगेत मांडलेले ठिपके दिसले तर हाफटोन. सुकलेल्या चिखलाला तडे जातात तशी बारीक, वेडीवाकडी जाळी दिसली तर कोलोटाइप. काहीच दिसलं नाही, सावल्यांपर्यंत सगळं सलग असलं, तर तो खरा फोटोच कार्डाच्या कागदावर उतरवलेला. अशा कार्डांच्या काळ्या भागावर कालांतराने चांदीसारखी झाक येते. गुलबक्षीताईंना घोड्याची टोपी दिसली म्हणजे कोलोटाइप असावं, त्यात बारकावे फार छान उतरतात.

आपल्या इथेही हे काम होत होतं. रविवर्मा प्रेसने कार्डं काढली. पॉल गेरहार्ट हा जर्मन कलाकार तिथे होता, त्याने मुंबईची चित्रं केली. आणि आपले धुरंधर! रावबहादूर एम. व्ही. धुरंधरांनी मुंबईच्या रस्त्यावरची माणसं कार्डांवर आणली. कोणाच्या घरी ती असतील तर प्राणापलीकडे जपा.

चुनखडी
रंगाबद्दल दुजोरा. माझ्याकडे हायकोर्टाची चार कार्डं आहेत आणि चारही वेगळ्या रंगांची. एकात तर ते विटांचं वाटतं.

कोकणकडा
हायकोर्टाचा माझा अंदाज चुकला, चुनखडींचे आभार. पण उजवीकडचं ते अर्धं पांढरं मी ओळखलंय असं वाटतं. व्हिक्टोरिया राणीचा पुतळा तर नव्हे? तो तारेच्या कचेरीजवळच होता.

चुनखडी
अगदी बरोबर. मॅथ्यू नोबलने घडवलेला संगमरवरी पुतळा, बसलेली राणी, वर गॉथिक पद्धतीचं उंच छत्र. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी त्यासाठी मोठी रक्कम दिली आणि १८७२ मध्ये लॉर्ड नॉर्थब्रुकच्या हस्ते अनावरण झालं. एस्प्लनेड रोड आणि मेयो रोड मिळतात त्या नाक्यावर तो होता. तुम्हाला दिसतोय तो निमुळता कळस त्या छत्राचा.

कोकणकडा
मग हे लिहायलाच हवं. ऑक्टोबर १८९६ मध्ये याच पुतळ्याला कोणीतरी डांबर फासलं आणि गळ्यात खेटरांची माळ घातली. कोणी केलं ते सरकारला कळेना. पुढच्या वर्षी २२ जून १८९७ ला पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली, दामोदर हरी चापेकर पकडले गेले, आणि त्यांनी तुरुंगात लिहिलेल्या हकिकतीतून डांबर फासणारे हात त्यांचेच होते हे उघड झालं. १८ एप्रिल १८९८ ला येरवड्यात त्यांना फाशी झाली.

संगमरवरावरचं डांबर साध्यासुध्या उपायाने निघेना. शेवटी रसायनशास्त्राचे प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांनी ते काढलं. आज तो पुतळा भायखळ्याला, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. छत्र नाही.

चापेकरांचं नाव शाळेत असल्यापासून ऐकतोय. पण ती जागा अशी उजाडलेल्या दिवसासारखी समोर येईल, शेजारून ट्राम चाललीय, माणसं निवांत उभी आहेत, हे कधी मनात आलं नव्हतं. कार्ड काढणाऱ्याला फक्त पोस्ट ऑफिस दाखवायचं होतं.

गुलबक्षी
अंगावर काटा आला. मी त्या कळसाकडे नीट पाहिलंही नव्हतं.

बाकीची १३ कार्डंही काल उलगडली. सचिवालय दोन, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर तीन, हायकोर्ट एक, बोरीबंदर दोन, उरलेली मलबार हिल आणि बंदराची. एका कार्डात समुद्राकडून पाहिलेली सगळी रांग आहे. ते पाहून मी गोंधळले. इमारतींच्या समोर मैदान, मग झाडं, मग जवळजवळ लगेच पाणी.

चुनखडी
तेच तर त्या कार्डाचं मोल. ओव्हलच्या पश्चिमेला आज आर्ट डेको इमारतींची रांग आहे, ती १९३० च्या दशकातली. त्यापलीकडे मरीन ड्राइव्हपर्यंतची जमीन समुद्र हटवून मिळवलेली. तुमच्या कार्डाच्या काळात ओव्हल, त्यानंतर क्वीन्स रोड, मग बी.बी.सी.आय. रेल्वेचे (आजच्या पश्चिम रेल्वेचे) रूळ, आणि रुळांपलीकडे बॅक बे. म्हणून सचिवालय, विद्यापीठ, हायकोर्ट यांची तोंडं पश्चिमेला आहेत. सचिवालय कर्नल विल्किन्सचं, ४४३ फूट लांब, जिन्याची खिडकीच ९० फूट उंच, त्यावर १७० फुटांपर्यंत मनोरा. या सगळ्या इमारती समुद्राला तोंड करून उभ्या होत्या. आज त्यांच्यासमोर उभं राहिलं की एवढे व्हरांडे आणि एवढ्या कमानी कशासाठी हे कळत नाही. वाऱ्यासाठी.

आता तिथे समुद्र नाही, पंखे आहेत. २०१८ मध्ये गॉथिक आणि आर्ट डेको या दोन्ही रांगांना मिळून जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, याचा मला फार आनंद आहे. एका मैदानाच्या दोन बाजूंना साठ वर्षांच्या अंतराने उभ्या राहिलेल्या रांगा आहेत त्या.

हायकोर्टाचं कार्ड जपा. २२ जुलै १९०८ ला टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली ती त्याच इमारतीत. खटला चालला त्या दालनाबाहेर त्यांचे शब्द संगमरवरावर कोरले आहेत. १९५६ मध्ये न्यायमूर्ती छागलांनी ती शिला बसवली.

नवखा_प्रवासी
सांभाळण्याबद्दलचा प्रश्न राहिला. माझ्याकडेही आजोबांची काही कार्डं आहेत. लॅमिनेट करून घ्यावी का?

हंशील
कृपा करून नको! पस्तीस वर्षांपूर्वी मी हाच मूर्खपणा केला. वडिलांची सहा कार्डं एका दुकानात लॅमिनेशनला दिली. त्याने गरम रुळातून काढली. दोन कार्डांचा रंग त्याच दिवशी उडाला. बाकीच्या चारांत पुढे बुडबुडे आले आणि आतल्या आत बुरशी धरली. आता प्लॅस्टिक ओढलं तर चित्राचा पापुद्रा निघून येतो. ती मी अजून तशीच ठेवली आहेत, कोणी विचारलं तर दाखवायला.

करायचं ते इतकंच. पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात एकेक कार्ड घाला. वास येणारं मऊ पीव्हीसी अजिबात नको. चिकटपट्टी नको, रबरबँड नको. पेटी जमिनीवर ठेवू नका, बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. पावसाळ्यात सिलिका जेलची पुडी आत ठेवा आणि महिन्याने बदला. तपकिरी ठिपके पुसायला जाऊ नका. आणि पहिल्याच दिवशी दोन्ही बाजूंचं चांगलं स्कॅनिंग करा. पाठीचंही. लोक चित्राचं करतात आणि पाठ सोडून देतात.

पागोळी
मी मोडी लिप्यंतराचं काम करते. ताई, खालच्या पट्टीचं आणि डाव्या कडेचं जास्तीत जास्त मोठं स्कॅन टाकाल का? मोडीत हात न उचलता लिहीत जातात, अक्षरं एकमेकांत गुंततात. धूसर फोटोवरून वाचलं तर अर्थाचा अनर्थ होतो.

गुलबक्षी
टाकलं आहे. १२०० डीपीआयवर केलंय, चित्राच्या बाजूचं पूर्ण.

पागोळी
काल रात्री बसले. अक्षर सुरेख आहे, कारकुनी वळणाचं, रोज लिहिणाऱ्या माणसाचं. दोन ठिकाणी शाई उडालीय, तिथे टिंबं देते.

‘तीर्थरूप दादा यांचे सेवेसी बालके साष्टांग नमस्कार विज्ञापना विशेष. पत्र पावले. येथील क्षेम. चित्रातील इमारत आमची कचेरी. फुली केली आहे तेथे मी बसतो. दुपारी समुद्राचा वारा येतो … बोरीबंदराजवळ नवी कचेरी बांधणार असे ऐकतो. मग ही खिडकी सुटेल. होळीस येण्याचे … आईस नमस्कार. हे विज्ञापना.’

ताई, तुमचा तो शाईचा डाग डाग नाही. स्कॅनमध्ये मोठा करून पाहा. दोन रेघा आहेत, एकमेकींना छेदणाऱ्या.

गुलबक्षी
खरंच फुली आहे.

मी तो डाग ओल्या कापसाने काढायचा विचार करत होते.

हंशील
पागोळीताई, तुम्हाला दंडवत. सालाचाही निकाल लागला. ‘नवी कचेरी बांधणार असे ऐकतो’ हे वाक्य १९०८ मध्ये कोणी लिहिणार नाही. तोवर बोरीबंदराजवळ काम सुरू होऊन चार वर्षं झाली होती, रोज डोळ्यांसमोर दगड चढत होते. म्हणजे १ सप्टेंबर १९०४ च्या आधीचं पत्र. शिक्का २१ डिसेंबर १९०३ चा.

आणखी एक गोष्ट मला फार भावते. हे कार्ड ज्या इमारतीचं आहे, बहुतेक त्याच इमारतीत त्यावर शिक्का पडला. लिहिणारा तिथलाच. त्याने कार्ड विकत घेतलं, स्वतःच्या खिडकीवर फुली मारली, पाव आण्याचं तिकीट लावलं, आणि ते आपल्याच कचेरीच्या थैलीतून गावी गेलं. डिसेंबर म्हणजे आगबोटी चालू. पावसाळ्यात असतं तर घाटावरून फिरून जावं लागलं असतं.

कोकणकडा
राजापूरकडच्या माणसाने त्या काळी समुद्राचा वारा येतो असं घरी कळवावं, यात सगळं आलं. मुंबईत त्याला ओळखीचं तेवढंच असेल.

गुलबक्षी
रविवारी आत्याकडे जाऊन तिला वाचून दाखवलं. ती ८६ वर्षांची आहे. तिच्या सासऱ्यांचे चुलते पोस्टात होते एवढं तिला ठाऊक आहे. नाव आठवतं, मी इथे लिहीत नाही. त्यांचा एकही फोटो घरात नाही. ‘होळीस’ ऐकल्यावर तिने विचारलं, मग आले का होळीला? मला काय ठाऊक! मी म्हटलं, आले असणार.

आज जेवणाच्या सुट्टीत कार्डाची रंगीत प्रत घेऊन समोरच्या फुटपाथवर उभी राहिले. कार्डातला कोन साधायला बराच वेळ गेला, कारण फोटो काढणारा जिथे उभा होता तिथे आता गाड्या धावतात. खालचा अर्धा भाग झाडांनी झाकलाय. दुसऱ्या मजल्यावरच्या कमानी डावीकडून मोजल्या. कार्डात फुली पाचव्या कमानीत आहे. पाचवी कमान दिसते. झडपा लाकडी आहेत, बंद आहेत, एक पट्टी निखळलीय. रस्त्यावर वाऱ्याचा मागमूस नव्हता.

तारवाला, तुमच्या बाबांना स्कॅन दाखवलंत का?

तारवाला
दाखवलं. भिंग घेऊन अर्धा तास पाहत होते. फुली कुठल्या बाजूला आहे ते त्यांना लगेच कळलं. म्हणाले, त्या बाजूची टेबलं सगळ्यांना हवी असायची आणि कोणालाच नको असायची. दुपारी तीननंतर झडपा उघडल्या की तारेचे फॉर्म उडून खोलीभर व्हायचे. म्हणून तिथल्या प्रत्येक टेबलावर दगडाचा एकेक तुकडा असे, फॉर्मांवर ठेवायला. बाबा निवृत्त झाले तेव्हा त्यांनी आपला तुकडा घरी आणला. काळा, तळहाताएवढा, एक बाजू घासून गुळगुळीत झालेली. आमच्या टीव्हीखाली आहे.